बिऱ्हाडकरू आणि एक किल्ली

"आधी किल्ली द्या!"

आसावरी अवधूतशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कुणाचं प्रेम गुलाबाच्या फुलानं सुरू होतं, कुणाचं चोरून लिहिलेल्या पत्रानं. यांचं संडासाच्या किल्लीनं झालं, त्याला आपण तरी काय करणार!

झालं असं, की अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, आसावरी जयनगर फोर्थ ब्लॉकातल्या दुकानातून चायना ग्रासची सहा पाकिटं घेऊन बाहेर पडली आणि तिच्या पोटात ती ओळखीची कळ उठली. ही कळ आली की आपल्या हातात जेमतेम चार मिनिटं असतात, हे चार वर्षांच्या अनुभवानं तिला पक्कं ठाऊक होतं. समोर उभ्यानं कॉफी प्यायचं हॉटेल होतं, पण तिथं बसायलाच जागा नाही, तिथं हे कुठलं असायला! शेजारची बँक बंद. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावर एका सॉफ्टवेअर कंपनीची पाटी दिसली. कंपनी म्हणजे माणसं, आणि माणसं म्हणजे... ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

वर व्हरांड्यात एक उंच, चष्मेवाला तरुण एका कुलूपबंद दारासमोर उभा होता. त्याच्या हातात किल्ली होती आणि किल्लीला सुतळीनं एक जुनी फ्लॉपी बांधलेली होती.

"अगं आई गं... मेले आता!" आसावरी धापा टाकत पुटपुटली.

त्या तरुणाचा चेहरा एकदम उजळला. पुण्याहून येऊन त्याला तीन महिने झाले होते आणि या कन्नड शहरात एसटीडी बूथ सोडला तर मराठी शब्द कानावर पडला नव्हता. "अरे वा! तुम्ही मराठी?"

"आधी किल्ली द्या! मातृभाषेचं नंतर बघू!"

आठ मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तो तिथंच उभा होता. हातात एक लांबलचक रजिस्टर.

"सही लागेल," तो ओशाळून म्हणाला.

"कशाची?"

"किल्लीची. मागच्या महिन्यात कुणीतरी ती खिशात घालून घरी गेलं. दोन दिवस आमचे पंधरा इंजिनियर पेट्रोल पंपावर जात होते. तेव्हापासून साहेबांनी नियम केलाय. एकच किल्ली, आणि घेतली की नोंद."

आसावरीनं पेन घेतलं. नाव, वेळ, कोणाकडे आलात, कारण. "कोणाकडे आले म्हणून लिहू?"

"माझ्याकडे लिहा की. अवधूत. आज रविवारी माझ्याशिवाय आहे कोण! दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर वेडे होणार आहेत म्हणे, ते मी एकटा थांबवतोय."

कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'अत्यावश्यक'. सगळ्या इंग्रजी नोंदींत ती एक मराठी नोंद अगदी उठून दिसत होती. अवधूत तिच्या अक्षराकडे बघत राहिला... अक्षराकडे, आणि मग स्वल्प वेळ अक्षर काढणारीकडेही.

"तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली. "आता तुमचा हात द्या."

अवधूतनं चष्मा सरळ केला. "इतक्या लवकर?"

"अय्यो, तसं नव्हे हो!" ती लाजून खळखळून हसली आणि पिशवीतून झाकणाची एक उथळ काचेची बशी काढली. आत फिकट, थरथरता थर होता. "यावर तळवा ठेवा. पाच सेकंद. दाबून, पण स्वल्प बेतानं."

"काय आहे हे?"

"चायना ग्रास. उकडलेल्या बटाट्याचं पाणी. स्वल्प साखर."

"आणि माझा हात कशाला? गोडाला कमी पडलंय काहीतरी?"

"तुमच्या हातावर जे राहतात ना, ते दोन दिवसांत यावर उगवतील. मग दिसतील."

"कोण राहतात?"

"जंतू. मी त्यांना बिऱ्हाडकरू म्हणते. लाखोंनी असतात. तळव्यावर, तोंडात, पोटात... आपण म्हणतो हे शरीर माझं, पण खरं तर ती एक भली मोठी चाळ आहे. आपण नुसते मालक. तेही नावापुरते."

"मी रोज आंघोळ करतो हो," अवधूत दुखावल्या सुरात म्हणाला.

"सगळेच करतात. ते जात नाहीत. जाऊही नयेत, चांगले असतात बिचारे बरेचसे."

त्यानं हात ठेवला. थंडगार, मऊ. पाच सेकंद मोजायचे होते, पण आसावरी तिसऱ्या आकड्यावर अडखळली, कारण तो बशीकडे बघतच नव्हता.

"चार," तोच म्हणाला. "आणि पाच. झालं का? की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं?"

*

आसावरीचं घराणं बसवनगुडीतलं. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आला, तो इथलाच झाला. घरात मराठी, पण तिला कन्नडची फोडणी. घरात माणसं तीन: ती, तिचे वडील प्रतापराव, म्हणजे अण्णा, आणि अण्णांची थोरली बहीण सत्यवती. तिला अख्खी गल्ली अक्का म्हणे. आई गेल्यापासून घराचा कारभार अक्काच्या हाती होता आणि अण्णांचा एकच शब्द घरात चाले, तो म्हणजे 'सरी', आपलं 'बरं'.

आसावरी एका नर्सिंग होमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. खरं तर तिला चित्रकार व्हायचं होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं. महिनाभर रक्त पडत होतं. मग तपासण्या, मग नाव कळलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. मरत नाही माणूस, पण बरंही होत नाही. हा आजार कधी झोपतो, कधी उठून बसतो. झोपला की ती चार माणसांसारखी असे. उठला की गोळ्या, आणि गोळ्यांनी तिचं तोंड पुरीसारखं टम्म फुगे.

डॉक्टर एकदा तिला म्हणाले होते, पोटातल्या जंतूंशी तुझं शरीर उगाच भांडत असावं, नक्की आम्हालाही माहीत नाही. ते ऐकून ती घरी आली आणि रडण्याऐवजी विचार करत बसली. हे भाडेकरू आहेत तरी कोण, ज्यांच्याशी माझं इतकं वाकडं आहे? बघूया तरी एकदा त्यांची तोंडं! त्यातून त्या बश्या सुरू झाल्या. ब्रश सुटला होता, पण चित्र सुटलं नव्हतं. आता रंग ती लावत नव्हती, रंग आपोआप उगवत होते.

घरी कुकरमध्ये चायना ग्रास उकळायचं, बश्यांत ओतायचं आणि गार झाल्या की प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथं बिस्किटाच्या मोठ्या डब्यात झिरोचा दिवा लावला की छान ऊब मिळे. डॉक्टर डोळेझाक करत. अक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसे ते एवढंच, की पोरगी दर रविवारी काचेच्या बश्यांत चायना ग्रास लावतेय. "पुडिंग शिकतेय," ती शेजारणींना कौतुकानं सांगे. "लग्नाचं मनावर घेतलंय म्हणायचं!"

लग्नाबद्दल अक्काचं धोरण पक्कं होतं. "आजाराचं कुणापाशी बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्षता पडल्या की हळूहळू कळतं सगळ्यांना सगळं."

आणि आसावरीचं म्हणणं होतं, की फसवून मी कुणाच्या घरात पाय ठेवणार नाही. म्हणण्यापुरतं ते सोपं होतं. अवधूत भेटेपर्यंत.

मंगळवारी तो प्रयोगशाळेत हजर झाला, आपले बिऱ्हाडकरू बघायला. आसावरीनं बशी दिव्यासमोर धरली आणि तो चष्मा पुसून पुढं वाकला. अख्खा हात उमटला होता! बोटांच्या टोकांवर पिवळे ठिपके, तळव्यावर पांढऱ्या शुभ्र झुंडी, आणि अनामिकेवर एकच, टपोरा, गुलाबी.

"हा गुलाबी कोण?"

"ओळखत नाही. एकटाच आहे."

"लग्न झालेलं नसेल बिचाऱ्याचं," अवधूत गंभीरपणे म्हणाला. "सोय बघायला हवी."

झालं! मग दर रविवारी चायना ग्रास घ्यायला जयनगरलाच जावं लागे. बसवनगुडीत काय चायना ग्रास मिळत नव्हतं? पण जाऊ द्या. ती खालच्या हॉटेलात कॉफी घेई, तो अडीच इडल्या खाई. तिसरीतली अर्धी तिच्यासाठी ठेवलेली असे. चारच्या ठोक्याला पाऊस आला की दोघं छपराखाली सरकत, आणि छप्पर इतकं अरुंद की... असो. तो तिला पुण्याच्या गोष्टी सांगे, ती त्याला 'स्वल्प अॅडजस्ट माडी', म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', म्हणायला शिकवी. तो तिच्या 'होय की, नव्हे की' वर हसे आणि आठवड्याभरानं स्वतःच तसं बोलू लागे.

अधूनमधून ती बोलता बोलता एकदम कप खाली ठेवी. अवधूत काही न विचारता खिशातून फ्लॉपी बांधलेली किल्ली काढून पुढं करी. वर रजिस्टरात नोंदी वाढत होत्या. कारण: अत्यावश्यक. अत्यावश्यक. एका रविवारी तर चार वेळा. त्यानं एकदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" आणि ती म्हणाली, "कॉफी सोसत नाही हो मला." आणि लगेच दुसरी कॉफी मागवली, वेडी!

सांगायचं तिनं तीनदा ठरवलं. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. घरी अण्णा तिच्याकडे बघत ते काळजीनं, अक्का बघे ती हिशेब केल्यासारखी, डॉक्टर बघत ते रिपोर्टात. हा एकटा असा होता की तिच्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत पेशंट नव्हती, आसावरी होती. सांगितलं की ती आसावरी जाणार. अजून एक रविवार, ती स्वतःला म्हणे... फक्त एकच.

असे अकरा रविवार गेले, आणि बाराव्याला अवधूतच म्हणाला, "माझी आई येतेय पुण्याहून. तुमच्या घरी येऊ का तिला घेऊन? रीतसर?"

"या की," ती म्हणाली आणि आणखी एक कॉफी मागवली.

*

बघण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला ठरला. त्याच्या आदल्याच दिवशी नेमका नर्सिंग होमचा फ्रीज लसींनी भरला आणि आसावरीच्या चोवीस बश्यांना हाकलण्यात आलं. पुढच्याच रविवारी त्यांचं प्रदर्शन होतं. मराठी मंडळाचे सेक्रेटरी विद्याधर यांनी हॉल दिला होता. काय लावणार हे त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण हाताचा ठसा त्यांनीही मोठ्या आनंदानं दिला होता. बश्या कुठं ठेवायच्या? आसावरीनं त्या घरच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रचल्या, वर पंचा टाकला, आणि अवधूतला आजाराचं कसं सांगायचं या विचारात अक्काला बजावायचं साफ विसरली.

तो विचार मात्र तिचा पक्का झाला होता. ते लोक आले की पहिल्यांदा अवधूतला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. पण अक्का काय कच्च्या गुरूची चेली? तिनं आसावरीला स्वयंपाकघरात कॉफी गाळायला बसवलं आणि बाहेर स्वतः राज्य केलं. चिरोटे झाले, केसरीबाथ, म्हणजे आपला केशरी शिरा, झाला. अवधूतच्या आई बेतशीर खात होत्या, बेतशीर बोलत होत्या. आणि तेवढ्यात अक्काला आठवलं: अरे, पोरीनं हातानं केलेलं काही दाखवायलाच नको का?

तिनं फ्रीज उघडला. पंचा उचलला. चोवीस बश्या! अक्काचे डोळे भरून आले. आधीच त्यांच्यात मोतीबिंदू होता, त्यात पाणी. आणि चाळीस वर्षांच्या तपकिरीनं नाक तर केव्हाच निवृत्त झालेलं. तिला एवढंच दिसलं की पुडिंगवर पोरीनं हाताच्या पंजाची नक्षी काढलीय, पिवळी-पांढरी, काय ती कला! वरच्या दोन बश्या तिनं काढल्या, झाकणं उघडली, वर लाल-हिरवी टुटीफ्रुटी भुरभुरली आणि चमचे ठेवून बाहेर नेल्या.

"आमच्या आसावरीनं केलंय," ती म्हणाली. "पुडिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नाही!"

आसावरी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली ती याच क्षणी. अवधूतच्या हातात बशी होती, बशीत पाच बोटं होती, अनामिकेवर गुलाबी ठिपका होता आणि त्याच्या शेजारी टुटीफ्रुटीचा हिरवा तुकडा. चमचा तोंडाच्या दिशेनं निघाला होता. बिचारा 'मुलीनं केलंय' म्हटल्यावर बशीत न बघता तिच्याकडे बघत होता ना!

"खाऊ नका!" ती किंचाळली. "त्यात तुम्ही आहात!"

चमचा हवेत थांबला. अवधूतनं खाली पाहिलं. स्वतःचाच हात ओळखायला त्याला एक क्षण लागला. "अरेच्चा," तो क्षीण आवाजात म्हणाला. "खरंच मी."

"आणि माझ्यात कोण आहे?" त्याच्या आईंनी बशी लांब धरत विचारलं.

"विद्याधर," आसावरी म्हणाली. "मंडळाचे सेक्रेटरी."

आईंनी विद्याधर हळूच टीपॉयवर ठेवले.

"जंतू आहेत ते," आसावरीनं धडाधड सांगितलं. "हातावरचे. मी वाढवलेत. प्रदर्शनासाठी."

अक्का मटकन खुर्चीत बसली, पण अक्का ती अक्काच! दुसऱ्या मिनिटाला सावरली. "विज्ञानाची आवड हो पोरीला लहानपणापासून. छंद आहे. लग्न झालं की सुटेल. कॉफी घ्या की." आणि आसावरीकडे असा एक कटाक्ष टाकला की त्याचा अर्थ गल्लीतल्या मांजरालाही कळला असता: झाकली मूठ!

सुटका होती. दार सताड उघडं होतं. छंद म्हणायचं, हसायचं, कॉफी द्यायची. अवधूतसुद्धा हसायच्या बेतात होता, ओठांचे कोपरे हलायलाही लागले होते. किती आवडायचं तिला ते हसू...

तिनं ट्रे खाली ठेवला.

"छंद नाही," ती म्हणाली. "मला आतड्याचा आजार आहे. चार वर्षं झाली. बरा होत नाही. सहा महिने बरी असते, मग एकदम रक्त पडतं, अंथरूण धरते. गोळ्या जन्मभराच्या. माझ्या पोटातले जंतू आणि मी, आमचं पटत नाही. म्हणून मी त्यांची चित्रं करते, म्हणजे भीती वाटत नाही. कॉफीचं खोटं होतं, अवधूत. मला कॉफी छान सोसते. मला तुम्हाला सांगायची भीती वाटत होती."

अण्णांनी सवयीनं "सरी" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अवधूतच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यानं बशीवर झाकण ठेवलं. मग त्याच्या आई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "निघतो आम्ही. कळवतो."

मुलीच्या घरात 'कळवतो' म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं. आसावरीनं समजून घेतलं. ती मागच्या अंगणात जाऊन नळ सोडून रडली, म्हणजे आवाज नको.

ते गेल्यावर कळलं, की गडबडीत अवधूत ती बशी हातात घेऊनच गेला होता.

*

आठवडाभर फोन नाही, चिठ्ठी नाही. अक्का पहिले दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती आसावरीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्या विद्याधराचा हात लावणार आहेस म्हणे प्रदर्शनात."

"हो."

"आणि माझा? मी काय मेले?"

तिनं पदर खोचला आणि बशीत असा काही तळवा दाबला की तळाच्या काचेला लागला.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये बश्या मांडल्या गेल्या, प्रत्येकीखाली एक छोटा दिवा, प्रत्येकीपुढं नावाची चिठ्ठी. दारावर पाटी: 'बिऱ्हाडकरू'. लोकांना वाटलं घरभाड्याचा काही प्रश्न असावा, म्हणून गर्दी चांगली झाली. आत आल्यावर आधी नाकं मुरडली गेली, मग माना वाकल्या, मग चुरस सुरू झाली. सगळ्यांत घनदाट हात निघाला तो अक्काचा! दिवसातून पंधरा वेळा हात धुणारी, सोवळं पाळणारी अक्का. तिच्या तळव्यावर नुसतं रान माजलं होतं. पहिल्यांदा ती चपापली, पण टुटीफ्रुटी वेचून काढलेल्या विद्याधरांच्या बशीत तुरळक सात-आठ ठिपके पाहून तिचा सूरच बदलला. "बघितलंत? आमच्या घरात येणारा कुणी उपाशी जात नाही."

शेवटची बशी आसावरीची होती. स्वतःचा हात तिनं आजवर कधीच लावला नव्हता. भीती वाटे, काहीतरी भयंकर उगवेल. या आठवड्यात लावला. पिवळे ठिपके, पांढऱ्या झुंडी... सगळ्यांसारखाच निघाला. ती त्याच्याकडे किती तरी वेळ बघत बसली होती. चिठ्ठीवर तिनं नाव लिहिलं, आजाराचं नाव लिहिलं, वर्षं लिहिली. अक्कानं ती चिठ्ठी नाकाशी धरून वाचली, डोळे टिपले आणि वाकडी होती ती सरळ केली.

तेविसाव्या बशीची जागा मात्र रिकामी होती. नुसता दिवा आणि नाव: अवधूत.

साडेपाचला लोक पांगू लागले. आसावरी दिवे मालवायला वळली आणि तिला दारात चष्मा दिसला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

तो सरळ तेविसाव्या जागेशी गेला, कागद सोडला आणि बशी दिव्यावर ठेवली. आठ दिवसांत टुटीफ्रुटीभोवती हिरवीगार, लुसलुशीत बुरशी माजली होती. हाताभोवती जणू बागच.

"फ्रीज नाही माझ्याकडे," तो म्हणाला. "सॉरी."

"चालेल," ती कशीबशी म्हणाली.

"मी चिडलो होतो." त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं. "आजारावर नाही. अनोळखी माणसाकडे संडासाची किल्ली मागताना तू लाजली नाहीस, आणि ओळख झाल्यावर मात्र कॉफीचं नाव पुढं केलंस. मी काय असा माणूस वाटलो, की...?" तो थांबला. 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"तू चांगला माणूस वाटलास," आसावरी म्हणाली. "म्हणूनच भीती वाटली. वाईट माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं मी."

अवधूतनं यावर विचार केला. मग तिची चिठ्ठी वाचली. मग तिच्या हाताची बशी वाकून बघितली, खूप वेळ.

"आई म्हणाली कळवतो, ते खरंच कळवतो असं होतं," तो म्हणाला. "गाडीत बसल्यावर ती काय म्हणाली माहितीये? तुझ्या बाबांचा दमा मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळला. तीस वर्षं संसार केला, बाबा चांगलेच होते, पण तो चौथा दिवस मी विसरले नाही. ही पोरगी कॉफीच्या आधी सांगते. घालवलीस तर माझ्याशी गाठ आहे."

आसावरीला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही, दोन्ही एकदम.

"आणि तू? तुझं काय म्हणणं आहे? आईचं नको सांगू. हे जन्मभराचं आहे, अवधूत. ऐन लग्नात मला उठून जावं लागेल कदाचित."

"मंगलाष्टकं लांबवायला सांगू. भटजींना तेवढंच हवं असतं." मग त्याचा आवाज बदलला. "मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू? गेल्या आठवड्यात लायब्ररीत बसून सगळं वाचलं, आणि रात्री जेवण गेलं नाही. पण आज दुपारपर्यंत तुझ्याशिवायचा रविवार काढून बघितला, तो जास्त वाईट होता. तीन इडल्या मागवल्या आणि तिसरीतली अर्धी तशीच राहिली."

त्यानं खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"काय आहे?"

"अर्ज. साहेबांकडून छापील फॉर्म आणलाय. दुसरी किल्ली करून मिळण्याबाबत. कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांसाठी मिळते म्हणे, पण नोंद लागते." त्यानं कागद तिच्यापुढं धरला. "बाकी सगळं भरलंय मी. नाव तुझं. कारण: अत्यावश्यक. फक्त एक रकाना राहिलाय. अर्जदाराशी नातं. तो... तो तू भर."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला अक्का पाठमोरी उभी राहून तिसऱ्यांदा एकच बशी पुसत होती. कान मात्र इकडे होते.

आसावरीनं कागद घेतला, वाचला आणि शांतपणे घडी घातली.

"नातं नंतर बघू," ती म्हणाली आणि तळवा पुढं केला. "आधी किल्ली द्या."

अवधूतचा चेहरा पडला. "अगं, पण अर्ज मंजूर झाल्याशिवाय ती..."

"दुसरी नव्हे रे, पहिली! आत्ता! चार मिनिटं आहेत माझ्याकडे, आणि मंडळाच्या संडासाला कुलूप आहे. विद्याधर कुठंयत?"

मग काय! तो पळत सुटला. विद्याधरांना त्यानं जिन्यात गाठलं, किल्ली जवळजवळ हिसकावून घेतली आणि साडेतीन मिनिटांत धापा टाकत परत आला. आठ मिनिटांनी आसावरी बाहेर आली तेव्हा तो दारासमोर उभा होता, हातात तो कागद आणि पेन.

या वेळी तिनं काही विचारलं नाही. कागद त्याच्याच पाठीवर ठेवला आणि राहिलेल्या रकान्यात, त्या उठून दिसणाऱ्या अक्षरात, लिहून टाकलं: 'बायको (होणार)'.

"काय लिहिलंस?" अवधूत मान वळवून विचारत होता. "अगं, दाखव ना, काय लिहिलंस?"

"हलू नकोस रे," ती म्हणाली. "सही राहिलीय."